ऋतुजाचा हातगुण

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, सख्ख्या भावाला नाही — आणि त्याला तर अर्धी ठाऊकच आहे. देवासमोर उभी राहते तेव्हा पोरांच्या परीक्षा, सासऱ्यांचे गुडघे, दुकानाची बरकत असं सगळं बोलून घेते आणि हे तेवढं गिळून परत येते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसाला सांगायची माझी छाती नाही, हे आधीच सांगून टाकते.

सुरुवात कुठून करू? कॉम्प्युटरपासूनच करते. त्या मेल्या कॉम्प्युटरपासून.

आम्ही वडवणीचे. बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे, घर मागच्या गल्लीत. घरात सासरे, म्हणजे अप्पा. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. मग माझे मालक, मी, आमची दोन पोरं, आणि धाकटे दीर. दिराचं लग्न झालं आणि ऋतुजा आली, अंबाजोगाईची, बी.कॉम. झालेली. मी थोरली जाऊ, म्हणून ती मला अक्का म्हणते. पहिल्या दिवसापासून म्हणते, आजही म्हणते.

कॉम्प्युटर माझा होता. माझा म्हणजे — घेतला पोरांच्या अभ्यासाला आणि दुकानाच्या बिलांना, पण त्याला हात लावणारी घरात मी एकटी. लग्नाआधी मी सिरसाळ्याहून रोज बसनं परळीला जाऊन कोर्स केला होता. सर्टिफिकेट अजून कपाटात आहे. दुपारी धुणंभांडी उरकून, केस नीट बांधून, मी त्या खुर्चीवर बसायची तेव्हा आत्याबाईसुद्धा हळू आवाजात बोलायच्या. "ती कॉम्प्युटरवर बसलीय" — असं त्या शेजारणीला सांगायच्या आणि मला ते आतून ऐकू यायचं. हसू नका. घरात बाईला असं काही एकच असतं.

आणि मग, ऋतुजा आल्यावर, तो अडकायला लागला.

अडकायचा म्हणजे कसा? बंद नाही पडायचा. बंद पडला असता तर माणूस म्हणालं असतं, गेली असेल लाईट. हा चालू असायचा! पडदा लख्ख, आकडे जागच्या जागी, कोपऱ्यातलं घड्याळ थांबलेलं आणि बाण मेलेला. माऊस इकडं घासा, तिकडं घासा, बटणं बडवा — काही नाही. नुसता तोंडाकडं बघत बसायचा. मग बटण दाबून धरून बंद करायचं, परत चालू करायचं, आणि तोवर केलेलं सगळं काम पाण्यात. कधी दिवसातून दोनदा अडकेल, कधी आठ दिवस शहाण्यासारखा चालेल. काही नेम असेल तर माणूस उपाय करेल ना? डोक्याला ताप नुसता.

आम्ही काय काय केलं म्हणून सांगू. आधी व्हायरस म्हणालो. तो शोधायला लावून रात्रंदिवस मशीन तापवली, व्हायरस निघाला नाही. मग सगळं पुसून नव्यानं टाकलं, त्यात पोरांच्या जावळाचे फोटो गेले ते गेलेच. मग डबा उघडून पंख्यातली धूळ काढली. अप्पा रोज सकाळी पूजेला बसतात, धूप लावतात, भस्म लावतात, ते सगळं त्या पंख्यात जाऊन बसलं असेल असं आमच्या मालकांचं म्हणणं. अप्पा त्यावर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग कुणीतरी सांगितलं म्हणून आतली मेमरीची पट्टी काढून पोरांच्या खोडरबरनं घासली. लख्ख झाली. लावली. दुपारी परत अडकला. मी त्या टेबलाला लाथ मारली होती — खरंच मारली होती, अंगठा सुजला.

आता इथं मला थांबून दुसरं एक सांगायचंय. कसं सांगू? मघापासून मी त्याच्याभोवती फिरतेय, तुमच्या लक्षात आलं असेल.

आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही. आठवडा जातो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. सकाळी येईल, भर दुपारी येईल, भाकरी तव्यावर टाकून पळायचं. वरच्या घरांना बरं मिळतं, शेवटच्या घरांना नुसती हवा — नळ फुसफुसतो आणि गप होतो. त्यात लोक नळालाच मोटर लावायला लागले. मोटर सगळं पाणी ओढून घेते, पुढच्याला थेंब येत नाही. बायका एकमेकींचे केस धरेपर्यंत गोष्ट गेली. शेवटी एका सोमवारी गल्लीतल्या आम्ही सगळ्याजणी महादेवाच्या देवळात जमलो आणि बेलभंडार उचलला, की कुणीही नळाला मोटर लावणार नाही. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडायचा म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या दिवशी ताट कुणी सजवून नेलं होतं? मी. पहिला हात कुणी घातला? मी. "आता जी मोटर लावील तिचं तिनं बघावं," असंही मीच मोठ्यानं म्हणाले होते. शेवटच्या घरातली म्हातारी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडून गेली.

त्यानंतर दिराचं लग्न ठरलं. घरात पाहुणे यायचे, हौदाचा तळ दिसायला लागलेला. सगळे बस्ता बांधायला बीडला गेले आणि मी माझ्या भावाला सिरसाळ्याहून बोलावून घेतलं. त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचंच काम आहे. त्यानं हौदाच्या बाजूला खड्डा करून छोटी मोटर बसवली, वरून पोतं, पोत्यावर पत्रा, पत्र्यावर जुनी घागर. बटण न्हाणीच्या दाराआड. वायर कुठून घ्यायची? न्हाणीच्या भिंतीपलीकडंच कॉम्प्युटरचा बोर्ड होता. मी म्हणाले, ह्यातूनच घे.

"अक्का, कावून एकाच वायरवर टाकायलीस? मोटर उठली की ह्या बोर्डाला झटका बसतोय बघ. मीटरपासून दुसरा वायर ओढतो की."

"दुसरा वायर दिसल ना रे."

तो हसला. वायर त्यानं तिथूनच घेतली. घरातल्या कुणालाही मी सांगितलं नाही, मालकांनाही नाही. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, दुकानावर बसून गल्लीभर केलं असतं. आपलं घर नळाच्या तोंडाशी आहे म्हणून हौद भरतो, असं सगळे समजले. आत्याबाईंना कमी ऐकू येतं. मी मोटर लावली की बादल्यांचा आवाज करायची, टीव्ही मोठा करायची. जमून गेलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग तुझ्या ध्यानात कसं आलं नाही? खरं सांगते, नाही आलं. मोटर मी लावायची मागं, आणि मी मागं असेन तर कॉम्प्युटरवर कोण असेल? ऋतुजा.

तेच तर सगळं झालं. मी बसले की चालायचा. ती बसली की अडकायचा.

ऋतुजा आली आणि महिन्याभरात दुकानाचं सगळं काम तिच्याकडं गेलं. कुणी माझ्याकडून काढून घेतलं नाही, आपोआप गेलं. तिची बोटं काय चालायची! मी एकेक अक्षर शोधून मारायची, ती बटणांकडं बघायचीसुद्धा नाही. एकदा मागं उभी राहून बघत होती, आणि म्हणाली, "अक्का, हे असं न्हाई करायचं, एका बटणात होतंय." वाकून तिनं करून दाखवलं. माझी अख्खी दुपार तिनं एका बटणात केली. वाईट मनानं नाही म्हणाली ती, लेकरू आहे. पण मला काय झालं ते मला माहीत. त्यानंतर मी त्या खुर्चीवर कमी बसायला लागले. आणि आत्याबाई शेजारणीला सांगायला लागल्या — "धाकटी कॉम्प्युटरवर बसलीय."

मग बाजाराच्या दिवशी बीडहून मेकॅनिक आणला. तो येऊन बसला की मशीन कशाला अडकतंय! चहा पिऊन, नाश्ता करून, दुपारभर बसला. घरात परका माणूस आहे म्हणून मी मागं मोटर लावायला गेलेच नाही. त्यानं आतला पॉवरचा डबा बदलला, बोर्ड बघितला, आणि उठताना विचारलं, "वहिनी, ह्या लाईनीवर दुसरं काय हाय का? मोटरबिटर?"

दारात शेजारीण उभी होती. अप्पा होते, ऋतुजा होती. माझ्या तोंडातून इतकं पटकन आलं — "छे ओ, आमच्या गल्लीत मोटर कुठली? बेलभंडार उचललाय आमी."

शेजारणीनं मान हलवली. मेकॅनिक म्हणाला, मग मशीन एकदम ठणठणीत हाय, वापरणाऱ्याचं बघा. असं म्हणून तो बस पकडायला गेला. तेव्हासुद्धा मला दोन गोष्टी एकमेकींशी जोडता आल्या नाहीत. मोटर कुणाला कळू नये एवढंच डोक्यात होतं. पण खोटं ते खोटं.

तो गेला आणि सगळे ऋतुजाकडं बघायला लागले. ती बिचारी ओशाळून उभी. आणि मी — हसत, गंमत म्हणून — म्हणाले, "ऋतुजा, तुझा हातगुणच असा दिसतोय बाई."

सगळे हसले. ती पण हसली.

शब्द किती साधा आहे बघा. एखादीच्या हातचं विरजण घट्ट लागतं, एखादीच्या हातचं लोणचं वर्षभर टिकतं, आपण म्हणतो तिच्या हाताला गुण आहे. मी तो उलटा करून तिच्या हातावर ठेवला. घरानं तो उचलला. मिक्सर जळाला — जुनाच होता तो, जळायला आलाच होता — तर कुणी लावला होता? ऋतुजानं. दही पातळ झालं — कुणी लावलं होतं विरजण? आत्याबाईंच्या मनात काही पाप नव्हतं. त्यांनी एवढंच म्हणायला सुरुवात केली, "राहू दे ग, थोरलीला करू दे." कैरीचं लोणचं घालताना ऋतुजा मसाला कालवायला बसली तर तिला उठवलं, नुसत्या फोडी करायला दिल्या. मला पुढं बसवलं. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

पंचमीला ती माहेरी गेली. मी परत खुर्चीवर बसायला लागले. असंच एकदा दुपारी बिलं करत होते आणि गल्लीत ओरडा झाला, "पाणी आलं ग!" मी उठून मागं गेले, बटण दाबलं, आणि राहिलेलं एक बिल पूर्ण करावं म्हणून परत येऊन बसले.

बाण मेलेला. घड्याळ थांबलेलं.

मी बघतच राहिले. भावाचे शब्द कानात वाजले — झटका बसतोय बघ. मागं जाऊन मोटर बंद केली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चालला. परत मागं जाऊन मोटर लावली. येऊन बघितलं — अडकला. परत केलं. परत तेच. किती दिवसांचा डोक्याचा ताप, ते फोटो, तो खोडरबर, अप्पांचा रुसवा, टेबलाला मारलेली लाथ — सगळं त्या न्हाणीच्या दाराआडच्या बटणात होतं. आणि ते बटण माझं होतं.

उठून सांगायचं होतं ना? आत्याबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. दहा पावलं. काय झालं असतं? मालक चिडले असते. गल्लीत छी थू झाली असती. बेलभंडार उचलणारीच मोटर लावते म्हणून बायकांनी तोंडावर थुंकलं नसतं, पण पाठीमागं काही सोडलं नसतं. झालं असतं, आणि विसरलेही असते. लोक विसरतात. पण मी ओसरीवर गेले, गव्हाच्या ताटाशी बसले आणि म्हणाले —

"आत्याबाई, बघितलं का? ऋतुजा नाही तर एकदा पण अडकला नाही."

हे मी म्हणाले. कुणी विचारलेलं नव्हतं. आपणहून म्हणाले.

तुम्हाला वाटेल, झालं, हाच कबुलीजबाब. मलाही वाटलं होतं इथंच थांबता येईल. नाही थांबता येत.

ऋतुजाला घरबसल्या काम मिळायचा योग आला. पुण्याची कुठलीशी कंपनी, हिशेबाचं काम, घरी बसून करायचं. तिनं अर्ज केला, पहिली मुलाखत फोनवर झाली, ती त्यांना पसंत पडली. आता एक शेवटची परीक्षा होती, कॉम्प्युटरवर, घरूनच, कॅमेरा लावून. जिथं बसून काम करणार तिथूनच द्यायची. खोलीत दुसरं माणूस चालणार नाही. मधेच बंद पडली तर परत संधी नाही. असं सगळं त्यांनी कळवलं होतं आणि तिनं ते मला वाचून दाखवलं. ती मला सगळं वाचून दाखवायची.

तिला ते काम किती हवं होतं ते मला ठाऊक होतं. आमचे भाऊजी दुकानात थोरल्या भावाच्या हाताखाली, स्वतःचं असं काही नाही. आणि घरात तर ती काही शिवली की सगळे बघायचे. तिला सिद्ध करायचं होतं. एकदा कांदे चिरताना म्हणाली, "अक्का, हे जमलं ना, की मग कुणी हाताचं बोलणार न्हाई." मी कांदे चिरत राहिले.

ती शहाणी पोरगी, तिनं सुचवलंही होतं — "अक्का, टेबल पलीकडच्या खोलीत नेऊन बघू का? दुसऱ्या बोर्डावर?" बरोबर सुचवलं होतं. एका वाक्यात सगळं सुटलं असतं. मी म्हणाले, तिकडं धूळ लई येते. पलीकडं नेऊन अडकायचा थांबला असता तर लोकांनी ह्या बोर्डाचं काय ते शोधलं नसतं का?

परीक्षेच्या आदल्या दिवशी जेवताना मालक खुशीत होते. म्हणाले, ऋतुजाला काम लागलं की तिला नवीन कॉम्प्युटर घेऊन देऊ, दुकानाचं सगळंच तिच्याकडं देऊ, आणि माझ्याकडं बघून — "तू आता सुटलीस बघ." त्यांना वाटलं मला आनंद होईल. हे मी कारण म्हणून सांगत नाही. असं झालं होतं म्हणून सांगतेय.

परीक्षेच्या दिवशी ऋतुजा न्हाऊन, देवाला नमस्कार करून माझ्याकडं आली. हात पदराला पुसत होती, घाम फुटलेला. म्हणाली, "अक्का, तुमी चालू करून द्या. तुमच्या हातानं केलं तर अडकायचा न्हाई."

मी चालू करून दिला. खुर्ची पुसली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. घरात सगळ्यांना सांगितलं, आवाज करू नका. दार ओढून घेतलं. माझ्या मनात होतं — खरंच होतं — की आज पाणी आलं तरी मोटर लावायची नाही. एक दिवस हौद भरला नाही तर काय मरतो का आपण?

आणि अर्ध्या तासानं गल्लीत ओरडा झाला. पाणी आलं.

मी मागं गेले. नळाखाली घागर लावली. बारीक धार. हौदात तळाला हिरवं पाणी राहिलेलं, दोन-तीन दिवसांचंसुद्धा नव्हतं. न्हाणीत उभी राहिले. भिंतीपलीकडून बटणांचा आवाज येत होता, टकटक, टकटक, न थांबता, पावसासारखा एकसारखा. मला कधी तसं जमलं नाही. मी ऐकत उभी होते. डोक्यात काय चाललं होतं? हौद? दुकान? "तू आता सुटलीस"? मी कितीदा आठवून बघितलं, मला धड सांगता येत नाही. पण एक सांगता येतं. मी विसरले नव्हते. हात चुकून लागला नाही. भिंतीपलीकडं काय चाललंय आणि बटण दाबलं की काय होणार, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं.

मी बटण दाबलं.

टकटक थांबली. मग परत सुरू झाली — एकच बटण, जोरजोरात, परत परत. मग माऊस आपटल्याचा आवाज. मग काहीच नाही.

मोटर मी तेव्हाही बंद केली नाही. आता बंद करून काय उपयोग, असं मनाशी म्हणाले. हौद काठोकाठ भरू दिला.

मी दार उघडून आत गेले तेव्हा ती खुर्चीवर दोन्ही हात मांडीत घेऊन बसली होती, तळवे वर. रडत नव्हती. पडद्यावर अर्धा सोडवलेला प्रश्न तसाच. म्हणाली, "तुमी लावून दिलता तवर नीट होता, अक्का. मग मी एकटी राह्यले." मी तिला पोटाशी धरलं. "जाऊ दे ग," म्हणाले, "नशिबात नव्हतं." तिनं कंपनीला कळवलं, विनवलं, त्यांचं उत्तर आलं नाही. भाऊजी एवढंच म्हणाले की पुन्हा कुठं अर्ज करू नकोस. दुपारी आत्याबाईंनी मला विरजण लावायला सांगितलं.

त्या दिवसापासून ऋतुजा कॉम्प्युटरला शिवली नाही. पुढं तो भंगारात गेला. आता लॅपटॉप आहे, त्याला बॅटरी असते, मोटर लावली काय न लावली काय, तो अडकत नाही. पण त्याच्यावर मी बसते. एकेक अक्षर शोधून मारते. माझ्याकडून चुका होतात आणि तिला लांबून दिसतात, मी बघितलंय तिची मान वळते ती. पण पुढं होत नाही. नवीन मिक्सर आणला तर म्हणाली, पहिल्यांदा अक्का लावतील. पोरांना पेन्सिलला टोक करून द्यायचं तरी म्हणते, तुमच्या आईकडून घ्या. मी तिला आता म्हणते, अग कर की तूच, काही होत नाही. ती हसते. मी सांगितलेलं तिला खरं वाटलं होतं ना, मग आता हे कसं वाटेल?

आणि मोटर? आहे की. पत्र्यावर घागर आहे.

मागच्या महिन्यात तिला मुलगी झाली, अंबाजोगाईला. मी बघायला गेले. आमच्याकडं म्हणतात, बाळाला पहिला मध जो चाटवतो त्याचा गुण लेकराला लागतो. डॉक्टरीणबाईंनी मध अजिबात द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं, म्हणून नुसता ओठाला स्पर्श करायचा ठरलं होतं. तिच्या आईनं कधीच करून टाकलं असतं, पण ऋतुजानं सगळ्यांना थांबवून ठेवलेलं, अक्का येऊ द्या म्हणून. मी पोचले तसं तिनं आईला चहा आणायला पाठवलं. पोरीला नीट धरून माझ्याकडं केलं आणि म्हणाली, "अक्का, हिला तुमचा हात लागू द्या. माझा नको."

आईला यायला वेळ होता. दार लोटलेलं होतं. खोलीत आम्ही तिघीच. सांगायला याच्याहून चांगली वेळ मला कुठं मिळणार होती?

मी हात धुऊन आले. मधात करंगळी बुडवली आणि पोरीच्या ओठाला लावली.